मशीनबद्दल आभार, माळ देणार नाही

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर माझ्या थोरल्या आत्याचे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढे साहेब येतील, कंपनी येईल, गुळगुळीत कागदावरची पुस्तिका येईल, आणि त्या गर्दीत ती मागे राहायला नको.

आमचं गाव सांगोला आणि मंगळवेढा यांच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात आहे. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दिवाळी झाली की आई-वडील घोड्यावर बिऱ्हाड लादून कळपामागे चालू लागायचे, ते पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. कळपाबरोबर जाणारी पोरं शाळेत जात नाहीत. त्यात कुणाचा दोष नसतो. शाळा एका जागी असते आणि मेंढरं नसतात. माझं शाळेचं वय झालं त्या वर्षी आत्यानं सांगून टाकलं की ती आता कळपामागे चालणार नाही. थोडी मेंढरं आणि शेळ्या ती आपल्याकडे ठेवून घेईल, गावाजवळच चारेल आणि मला शाळेत घालेल. नवरा गेलेली बाई एकटी मागे राहून काय करणार, असं भावकीत बोललं गेलं. वडील तर तिच्याशी महिनाभर नीट बोलले नाहीत. ती राहिली.

राहू शकली याचं कारण गावाच्या मावळतीचा माळ. गायरानाची जमीन आहे ती. बाहेरून आलेल्या माणसाला तिथं काहीच दिसत नाही: दगड, एखादी खुरटी बाभळ आणि आभाळ. पाऊस झाला की गुडघाभर गवत येतं, दिवाळीनंतर ते वाळून पिवळं पडतं, आणि तसंच उभ्यानं उन्हाळा काढतं. त्या वाळक्या गवतावर आत्याचा कळप वर्षभर निघायचा. माळ होता म्हणून आत्या गावात राहिली आणि आत्या राहिली म्हणून मी शिकलो. आधी गावची शाळा, मग सांगोल्याचं कॉलेज, मग सोलापुरात इंग्रजी घेऊन एम.ए. आमच्या घरात माझ्याआधी दहावीपर्यंतही कुणी पोचलं नव्हतं. निकाल लागला तेव्हा आत्यानं पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं की पोरगा साहेबाच्या भाषेत पास झाला. त्या भाषेचा उपयोग काय, हे मात्र तिनं मला एकांतात विचारलं. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही.

महामारी आली तेव्हा मी सोलापुरात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. कॉलेज बंद झालं तसे माझे तासही बंद झाले. मग एका मित्राच्या ओळखीनं पुण्यातल्या एका जाहिरात संस्थेचं भाषांतराचं काम मिळालं. मोठमोठ्या कंपन्यांचे अहवाल, पुस्तिका, गावोगाव वाटायची पत्रकं मराठीत करायची. कुणाचा कोळसा, कुणाचं सिमेंट, कुणाचं पोलाद. ज्यांच्या चिमण्या लांबून दिसतात अशा कंपन्या. मी खोलीत बसून त्यांचे शब्द मराठीत आणू लागलो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटत होता.

हळूहळू लक्षात आलं की कंपन्या वेगळ्या असल्या तरी बोलणं एकच आहे. महामारीच्या आधीच्या पुस्तिका मला संदर्भासाठी पाठवलेल्या असत. त्यांत हवामान बदलाला स्वतःचं प्रकरण असायचं; धूर किती निघतो, तो कसा कमी करणार, असं काहीतरी निदान लिहिलेलं असायचं. आता हवामान बदल साथीच्या मांडीवर येऊन बसला होता. सुरुवातीला मास्क लावलेले कामगार, मग अन्नाची पाकिटं वाटणारे हात, आणि मग वाक्य यायचं की जसे आपण विषाणूशी एकजुटीने लढत आहोत तसेच हवामान बदलाशीही लढू. त्या ‘आपण’मध्ये भट्ट्या चालवणारी कंपनी आणि माळावर शेळ्या वळणारी माझी आत्या एकाच रांगेत उभ्या केलेल्या असत, जणू दोघींनी सारखाच धूर केला होता.

टाळेबंदीत कारखाने थांबले, म्हणून धूर कमी झाला. तो कमी झालेला धूर प्रगतीच्या पानावर हिरव्या रंगात छापलेला असायचा. कुणी खोटं लिहीत नव्हतं. धूर कमी झालाच होता. तो कशामुळे, एवढंच त्या पानावर नसायचं. पुढे धूर पूर्ण मिटवण्याचं वचन असे, पण ते इतक्या लांबच्या सालाचं की तोवर खाली सही करणारे साहेब नातवंडांत रमलेले असतील.

एका पुस्तिकेत ‘पृथ्वीने मोकळा श्वास घेतला’ असं वाक्य होतं. मी त्यावर अडलो होतो त्या सकाळी घरमालक वर आले. ते विणकर, घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. खालच्या मजल्यावर त्यांचे यंत्रमाग होते, आणि एरवी त्या खडखडाटात मला फोनवर बोलणं जमायचं नाही. त्या दिवसांत खाली पूर्ण शांतता होती. मी त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं.

“हवा चांगली झाली, खरंय सर,” ते म्हणाले. “मागच्या गल्लीत चूल पेटली नाही, तेपण लिहा की त्याच पानावर.”

ते हसत होते. मी वाक्य जसं होतं तसं मराठीत केलं आणि पाठवून दिलं. माझं काम तेवढंच होतं. पण त्या दिवसापासून मी पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचू लागलो. आधी मी फक्त भाषांतर करायचो, वाचत नव्हतो.

दुसऱ्या लाटेत आत्याला ताप आला आणि मग दम लागू लागला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात खाट मिळाली. खाटेशेजारी हवेतून ऑक्सिजन ओढून देणारं एक मशीन होतं, आणि त्याच्यावर एका मोठ्या कंपनीचं चिन्ह. त्या मशीनवर आत्या जगली. मी बाहेर लिंबाखाली बसून होतो. ती बरी झाल्याचं कळलं तेव्हा मी आधी देवाला आणि मग त्या चिन्हाला मनातून नमस्कार केला. तो नमस्कार मी आजही मागे घेत नाही.

आत्या घरी आली, पुन्हा माळावर जाऊ लागली, आणि पुण्याहून नवी पुस्तिका आली. वर तेच चिन्ह. साथीनं आपल्याला ऑक्सिजनचं मोल शिकवलं, म्हणून कंपनी सोलापूर जिल्ह्यात ऑक्सिजनचं जंगल उभं करणार, असा विषय होता. आत ‘आज’ आणि ‘उद्या’ अशी दोन चित्रं होती. ‘उद्या’ म्हणजे संगणकावर काढलेली गर्द झाडी. ‘आज’ म्हणजे आमचा माळ. मी तो लगेच ओळखला. जिथं बसून मी पाढे पाठ केले ते दगड होते ते. खाली लिहिलं होतं: ओसाड, विनावापर जमीन. फोटोत एकही मेंढरू नव्हतं. गावात चौकशी केली तेव्हा कळलं की फोटो काढणाऱ्यांनी कळप जरा पलीकडे न्यायला सांगितले होते, आणि आमच्या माणसांनी पाहुण्यांची अडचण नको म्हणून मेंढरं हाकलून दिली होती. आत्याही त्यात होती.

पुढची पानं साध्या अक्षरात होती. झाडं मोठी होईपर्यंत माळाला कुंपण आणि चराई बंद. या झाडांनी शोषलेला धूर कंपनीच्या दुसऱ्या राज्यातल्या कारखान्याच्या खात्यावर जमा धरला जाईल, म्हणजे तिथली चिमणी आहे तशी चालू ठेवूनही कंपनी आपला धूर कमी झाला असं म्हणू शकेल. हे सगळं उघड छापलेलं होतं. इंग्रजीत होतं, एवढंच.

गायरान द्यायचं तर ग्रामसभेचा ठराव लागतो, म्हणून पूर्ण पुस्तिका मराठीत हवी होती. पुण्याच्या संस्थेत मला काम नेमून देणाऱ्या बाईंना मी फोनवर सांगितलं की हे माझं गाव आहे. त्यांना आनंदच झाला. मग सभेत वाचूनही तुम्हीच दाखवा, आपल्या माणसाचं लोक ऐकतात, असं त्या म्हणाल्या.

मी गावी गेलो. आत्या दारात बसून शेळीच्या कानातल्या गोचिड्या काढत होती. मी तिला सगळं सांगितलं. कुंपण कुठून कुठवर, एवढंच तिनं विचारलं. सगळाच माळ, म्हणालो. ती हातातलं काम करत राहिली. माळ गेला तर मेंढरं विकायची आणि पुण्यात कामाला लागलेल्या तिच्या मुलाकडे जाऊन राहायचं, याशिवाय तिच्यापुढे वाट नव्हती. या वयात कळपामागे चालणं तिच्यानं होणार नव्हतं. मुलाचं घर वरच्या मजल्यावर होतं आणि तिथं एकदा आठवडाभर राहून ती आजारी पडून परत आली होती.

“पर त्येंच्याच मशीनवर वाचले रं मी,” ती म्हणाली. “न्हाय म्हनायचं कुठल्या तोंडानं?”

मीही त्याच चिन्हाला हात जोडले होते.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. माणसं अंतर ठेवून, तोंडाला रुमाल बांधून बसली होती. कंपनीचे साहेब तरुण होते आणि बोलायला चांगले. आपले वडील पहिल्या लाटेत ऑक्सिजनविना गेले, हे त्यांनी सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते, आणि म्हणूनच मला भीती वाटली. पुढे त्यांनी साथ, हवामान, झाडं, श्वास हे सगळं एका दोरीत ओवलं. गावानं टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी हात वर करायला सांगितले असते तर माळ गेलाच होता.

मग पुस्तिका वाचायची वेळ आली. साहेब म्हणाले, थोडक्यात सांगा, चित्रं तर सगळ्यांनी पाहिलीच आहेत. मी सरपंचबाईंकडे पाहिलं.

“सगळं वाचा की,” त्या म्हणाल्या. “येवढं छापून आणलंय लांबून, तर ऐकू दे लोकांना.”

मी सगळं वाचलं. एकही शब्द माझा घातला नाही, आवाज चढवला नाही, कुठे थांबून कुणाकडे पाहिलं नाही. धुराचं पान आलं तेव्हा फारसं कुणी हललं नाही. तो कारखाना दुसऱ्या राज्यात, आपल्याला काय त्याचं, असा सूर होता, आणि साहेबांना जरा हायसं वाटलेलं दिसलं. मी पुढे वाचत गेलो. कुंपण. चराई बंद.

तेव्हा ज्वारीवाले एक काका उठले. त्यांच्याकडे मेंढरू नाही, शेळी नाही. आहे ती काळी जमीन. आमच्याकडे पेरणीआधी शेतकरी कळपवाल्यांना बोलावतात. कळप दिवसा माळावर चरतो आणि रात्री शेतात मुक्काम करतो. लेंड्यांनी आणि मुतानं रान असं खतावतं की ज्वारी हातभर जास्त वाढते. बदल्यात कळपवाल्याला धान्य. हे इतकं रोजचं आहे की त्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि आजवर कुणी लिहिलेलंही मी पाहिलं नाही. काकांनी साहेबांना एवढंच विचारलं, की माळच बंद झाला तर कळप दिवसा चरणार कुठं, आणि मग रात्री माझ्या रानात येणार कोण?

साहेबांनी प्रामाणिकपणे उत्तर दिलं. म्हणाले, काका, खताची चिंता सोडा, पोती कंपनी पाठवेल.

“पयल्या वर्षी पाठवशीला,” काका म्हणाले. “फोटू काडशीला. फुडल्या वर्षी तुमची बदली झाली, की मी कुणाच्या दारात जाऊ?”

मागून कुणीतरी म्हणालं, साहेब, लेंड्या पाठवा, लेंड्या. हसू पसरलं. साहेबही हसले, पण पटांगण त्यांच्या हातून निसटलं होतं. तोवर माळ हा फक्त मेंढरंवाल्यांचा प्रश्न होता, आणि आम्ही गावात थोडे. आता ज्यांच्या शेतात कळप मुक्कामाला यायचे ते सगळे एकमेकांकडे बघू लागले, आणि त्यात जवळजवळ सगळं गाव आलं.

तरी गाठ सुटली नव्हती. एका म्हाताऱ्यानं ती बोलून दाखवली. ज्यांनी मशीन दिलं त्यांना तोंडावर न्हाय म्हणायचं का, असं तो म्हणाला, आणि आत्याकडे वळून टोमणा मारला, “तुमच्याच नाकाला लागलं व्हतं की मशीन. सांगा आता तुमीच.”

आत्या उठली. सभेत ती त्याआधी कधी बोलली नव्हती. पदर सारखा केला, रुमाल तोंडावरून खाली घेतला, आणि कुणीतरी खूण केली म्हणून पुन्हा वर ओढला.

“साहेब, मशीनचं उपकार मी मरंस्तोवर इसरणार न्हाय,” ती म्हणाली. “पर त्येच्या बदली माळ मागत आसशीला, तर त्यो उपकार न्हवं, सौदा झाला. आन् सौद्याला न्हाय म्हनता येतं.”

ती खाली बसली. साहेब फक्त म्हणाले, बरोबर आहे, बाई. ते त्यांनी मनापासून म्हटलं असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

ठराव लिहायला सरपंचबाईंनी मलाच बसवलं. मी मोठी वाक्यं जुळवायला लागलो तर त्यांनी थांबवलं. दोन ओळी लिहा म्हणाल्या. मशीनबद्दल गाव कंपनीचं आभारी आहे. माळ देणार नाही. हात वर करायला सांगितले तेव्हा मी मान वर करून पाहिलं. पटांगणभर हात होते, आणि ज्या म्हाताऱ्यानं टोमणा मारला होता त्याचाही होता. माझ्या इंग्रजीचा उपयोग काय, हे त्या दिवशी मला कळलं. साहेबाच्या भाषेतली पुस्तिका मी मराठीत आणली आणि आपल्या माणसांपुढे शेवटच्या पानापर्यंत उघडी ठेवली. एम.ए.च्या पदवीदानाला मी गेलो नव्हतो, कारण तेव्हा काळा डगला घालायची लाज वाटली होती. ते पटांगण मी माझं पदवीदान धरतो.

मी सोलापूरला परतलो. निघताना आत्या खूश होती, पण तिला भरवसा वाटत नव्हता. कंपनी मोठी, वरून कुणाला तरी सांगून माळ घेईल, आणि दवाखान्यातलं मशीन रागानं परत नेईल, असं तिच्या मनात होतं. पक्कं काही कळलं तर फोन करू नको, म्हणाली. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, आणि प्रौढांच्या वर्गात शिकल्यापासून ती अक्षर लावून लावून वाचते. त्यांनी कागदावर लिहिलं, तूबी कागदावर लिही, असं तिनं बजावलं.

अखेर पुण्याच्या बाईंचा फोन आला. त्या माझ्यावर रागावल्या असतील असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या की तुम्ही दिलेलं भाषांतर शब्दाला शब्द बरोबर होतं, त्यावर कुणाला बोट ठेवता येत नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्याच दुपारी लिहायला घेतलं. ते पत्र असं:

आत्या, पाया पडतो. अक्षर मोठं काढलंय, सावकाश वाच, घाई करू नको.

कंपनीनं आपला माळ सोडला. पंचायतीला तसं लेखी पत्र निघालंय, सरपंचबाई तुला दाखवतील. नव्या पुस्तिकेतनं आपल्या माळाचा फोटो काढून टाकलाय. ती बाईंनी लगेच पाठवली, मी डोळ्यांनी पाहिली. ओसाड हा शब्द आता तिथं नाही.

मशीन दवाखान्यातच राहणार. ते परत मागायचा विषयच नाही, असं त्या साहेबांनी स्वतः कळवलंय. तुझी तब्येत विचारली त्यांनी. मी सांगितलं, बरी आहे, रोज माळावर जाते.

कंपनी आता दुसरीकडं जागा बघणार आहे. कुठं ते मला सांगितलं नाही. मी बाईंना म्हणालो, कुठलंही गाव असू दे, मराठी मीच करणार आणि सगळी पानं करणार, अर्धी नाही. त्या हो म्हणाल्या. त्या गावाचं काय ते ते गाव ठरवेल. पण वाचल्याशिवाय ठरवणार नाही.

फोटो काढायला आले तेव्हा कंपनीनं माळाच्या कडेला रोवलेली जंगलाची पाटी अजून तिथंच असेल. ती न्यायला कुणी येणार नाही. सरपंचबाईंनी काढायला परवानगी दिलीय, तर गावातल्या माझ्या चुलतभावाला सांग. पत्रा चांगला आहे, कोकरांच्या खोपीवर टाक.

मेंढरं विकू नको. गिऱ्हाइकाला निरोप दिला असशील तर परत निरोप धाड. पुण्याला राहायला जायचं नाही, गेलीस तर पाहुणी म्हणून जा आणि कंटाळा आला की निघून ये.

हे पत्र पोचेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कळप सोडशील, तेव्हा आधी कुणाला काही विचारू नकोस. सरळ माळावर जा.